निदण उपटण्याची घाई



सामान्य काळातील सोळाव्या रविवारच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला शेतावर नेतो (मत्तय १३:२४-४३). मालकाने चांगले बी पेरलेले असते. रात्री सारे झोपेत असताना वैरी येतो आणि त्याच शेतात निदण पेरून जातो. रोपे वर येतात तेव्हा चाकरांच्या ते लक्षात येते आणि ते उपटून टाकायची परवानगी मागतात. मालक नको म्हणतो. त्याला निदणाची दया आलेली नसते, त्याला काळजी असते ती गव्हाची. घाईने उपटायला गेलात तर चांगले रोपही हातात येईल, म्हणून कापणीपर्यंत थांबा, असे तो सांगतो.

ज्यांनी भातखाचरात वाकून बेणणी केली आहे त्यांना हा दाखला समजावून सांगायची गरज नाही. भातासारखेच दिसणारे गवत लोंबी येईपर्यंत भल्याभल्यांना चकवते. शेतात जे खरे आहे ते समाजातही खरे आहे काय, हा आजचा प्रश्न आहे. तो आपण एका अवघड विषयाच्या निमित्ताने विचारू या.

आजच्या समाजातले निदण कोणते, असे कोणी विचारले तर पुष्कळ जण पहिले नाव घेतील ते ड्रग्ज विकणाऱ्याचे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पटांगणात, रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या मांडवात हा विषय निघाला की शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : अशांना फासावर द्या, सिंगापूरसारखा कायदा इथेही आणा.

या रागाला आम्ही नावे ठेवणार नाही. मुलाच्या व्यसनापायी दागिने गेले, वाडीचा तुकडा गेला, शेवटी मुलगाही गेला, असे घर ज्याने पाहिले आहे त्याला राग येणारच. ख्रिस्तसभाही या धंद्याकडे सौम्य नजरेने पाहत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २६ जून २०२४ रोजी, अमली पदार्थविरोधी दिनी, या व्यापाऱ्यांना मृत्यूचे व्यापारी म्हटले होते आणि ड्रग्ज मोकळे करण्याच्या कल्पनेला विरोध केला होता. त्याच वेळी प्रत्येक व्यसनी माणूस हा देवाचे लेकरू आहे, त्याच्यामागे त्याची स्वतःची एक कहाणी आहे, याचीही आठवण त्यांनी करून दिली होती.

म्हणजे हे पाप भयंकर आहे यात दुमत नाही. प्रश्न आहे तो उपटण्याचा. ज्यांनी उपटून पाहिले त्यांचे काय झाले, हे जगाकडे पाहून समजून घेता येईल.

प्रथम आपण फिलिपिन्सकडे पाहू, कारण तो देश आपल्यासारख्याच श्रद्धावंतांचा आहे. तिथले शंभरातील सुमारे ऐंशी लोक कॅथोलिक आहेत. कायद्यातली फाशीची शिक्षा त्या देशाने २००६ सालीच रद्द केली. पुढे २०१६ साली रॉड्रिगो दुतेर्ते निवडणुकीला उभे राहिले. निवडून आलो तर ड्रग्जवाल्यांना ठार करीन, असे ते उघड सांगत होते. १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मते दिली. ३० जून २०१६ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि गरीब वस्त्यांतून रात्री गोळ्यांचे आवाज येऊ लागले. पोलीस कारवाईत ६ हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे सरकारी आकडेच सांगतात. तोंड झाकून मोटारसायकलवरून आलेल्या अज्ञात मारेकऱ्यांचे बळी मिळवले तर हा आकडा कितीतरी पटींनी मोठा होतो, असे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांचे म्हणणे आहे. यातल्या बहुतेकांवर कधी खटला चालला नाही. ज्या देशाने कायद्यातून फाशी काढून टाकली होती, तिथे रस्त्यावर, कायद्यावाचून मृत्युदंड सुरू झाला.

लोकांना काय वाटत होते? सोशल वेदर स्टेशन्स ही तिथली जनमत पाहणी करणारी नावाजलेली संस्था. डिसेंबर २०१६ च्या तिच्या पाहणीत शंभरातील ८५ जणांनी या मोहिमेबद्दल समाधान दाखवले. त्याच पाहणीत ९४ जणांनी संशयितांना जिवंत पकडणे महत्त्वाचे आहे, असेही सांगितले. आणि ७८ जणांना भीती होती की एखाद्या दिवशी आपण स्वतः किंवा आपल्या ओळखीचे कोणी असे मारले जाईल. बंधुभगिनींनो, हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. मोहीम हवी होती, मारणे नको होते आणि आपली पाळी येईल म्हणून झोपही लागत नव्हती. हे सारे एकाच माणसाच्या मनात राहू शकते. असे लोक रविवारी मिस्सालाही जात होते.

ज्याची भीती होती तेच घडले. १६ ऑगस्ट २०१७ च्या रात्री मनिलाजवळच्या कालोकान शहरात कियान देलोस सांतोस हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तो ड्रग्ज पोचवत होता आणि त्याने आधी गोळी झाडली, असे पोलीस म्हणाले. पण वस्तीतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात पोलीस एकाला धरून ओढत नेताना दिसत होते. उद्या माझी परीक्षा आहे, मला सोडा, अशी तो विनवणी करत होता, असे साक्षीदारांनी सांगितले. त्याची आई तेव्हा सौदी अरेबियात घरकाम करून पैसे पाठवत होती. परदेशात राबणारी आई म्हणजे काय, हे आपल्या गावांतही अनेक घरांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तीन पोलिसांना खुनाबद्दल दोषी ठरवले. निदण म्हणून उपटलेले रोप गव्हाचे निघाले. पण उपटलेले रोप पुन्हा लावता येत नाही.

दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी अटक होऊन हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आले. तिथे कोठडीत असतानाच मे २०२५ च्या निवडणुकीत दावाओ शहराच्या लोकांनी त्यांना पुन्हा महापौर म्हणून निवडून दिले. तेव्हा हा प्रश्न एका नेत्यापुरता नाही. ज्या मनांनी त्याला बळ दिले त्या मनांचाही तो आहे.

याच देशाच्या लोकांनी २०१६ च्या निवडणुकीच्या वर्षभर आधी दुसरे टोक दाखवले होते. मेरी जेन वेलोसो ही गरीब घरची, दोन लेकरांची आई. परदेशात मोलकरणीचे काम मिळेल या आशेवर ती निघाली. एप्रिल २०१० मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता विमानतळावर तिच्या बॅगेच्या अस्तरात २.६ किलो हेरॉईन सापडले. ज्यांनी मला पाठवले त्यांनीच ती बॅग दिली, मला काही ठाऊक नव्हते, असे ती पहिल्यापासून सांगत आली. तिला मृत्युदंड झाला. २९ एप्रिल २०१५ च्या मध्यरात्रीनंतर तिला गोळ्या घालायच्या होत्या. तेव्हा सारा फिलिपिन्स हळहळला. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, चर्चमधून प्रार्थना झाल्या, खुद्द राष्ट्राध्यक्षांनी गळ घातली. तिला कामाला पाठवणारी बाई आदल्याच दिवशी फिलिपिन्समध्ये पोलिसांच्या स्वाधीन झाली आणि अगदी अखेरच्या क्षणी मेरी जेनची शिक्षा थांबली. त्या रात्री तिच्याबरोबरच्या आठ जणांना मात्र गोळ्या घातल्या गेल्या. पुढे २०२० मध्ये त्या बाईला आणि तिच्या साथीदाराला फसव्या नोकरभरतीबद्दल जन्मठेप झाली. मेरी जेन १८ डिसेंबर २०२४ रोजी मायदेशी परतली.

आता विचार करा. इंडोनेशियाच्या कायद्याच्या नजरेत ती ड्रग्ज आणणारी होती. तिच्या देशवासीयांना ती लेकरांची आई दिसली, फसलेली गरीब बाई दिसली. कारण ती त्यांची होती, तिचे नाव आणि तिचा चेहरा त्यांनी पाहिला होता. आणि वर्षभराने त्याच देशाने अशा माणसाला निवडून दिले, ज्याच्या राज्यात वस्तीतल्या कोणालाही नाव-गाव न विचारता गोळी लागू शकत होती. आपल्या माणसासाठी दया आणि परक्यासाठी गोळी असे दोन तराजू मनात असतात. आम्ही फिलिपिनो लोकांना दोष देत नाही. हे दोन तराजू आपल्या घरातही आहेत. शेजाऱ्याचा मुलगा पुडीसह सापडला की तो गर्दुल्ला असतो. आपला सापडला की संगत वाईट लागलेली असते.

आता सिंगापूर. तिथे १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉईनची चोरटी वाहतूक केली तर कायद्याने मृत्युदंड आहे. फक्त सामान पोचवणाऱ्याने तपासाला भरीव मदत केली किंवा त्याची मानसिक अवस्था बिघडलेली असली, तर २०१२ सालच्या दुरुस्तीने न्यायाधीशांना जन्मठेप देता येते. तिथले शहर सुरक्षित आहे, उघड्यावर ड्रग्ज दिसत नाहीत आणि बहुसंख्य नागरिक या कायद्याच्या बाजूने आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण फासावर कोण चढते? २७ एप्रिल २०२२ रोजी मलेशियाच्या नागेंद्रन धर्मलिंगम या तामिळ वंशाच्या तरुणाला फाशी झाली. त्याच्या मांडीला बांधलेल्या पुडक्यात सुमारे ४३ ग्रॅम हेरॉईन होते. त्याचा बुद्ध्यांक ६९ होता. ते पुडके ज्यांनी बांधून पाठवले, ज्यांचा नफा त्यात होता, ते त्या फासापासून दूर राहिले. बहुतेक ठिकाणी असेच घडते. दोर पुडके वाहणाऱ्याच्या गळ्याला बसतो, शेठजीपर्यंत तो पोचत नाही.

काही देश थांबून विचार करू लागले आहेत. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड काढून टाकला आणि निर्णय न्यायाधीशांवर सोपवला. इराणने वर्षानुवर्षे ड्रग्जसाठी शेकडो माणसे फासावर दिली. व्यसन काही आटले नाही. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या संसदेनेच कायदा सैल केला. पण तिथल्या फाशी पुढे पुन्हा वाढल्या, म्हणजे कायदा बदलला तरी मन बदलायला वेळ लागतो. आपल्याकडेही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात काही गुन्हे दुसऱ्यांदा करणाऱ्याला सक्तीची फाशी होती. ही सक्ती घटनेला धरून नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ठरवले आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यातून ती काढली.

पोर्तुगालने वेगळी वाट धरली. ज्यांच्या धर्मगुरूंनी वसईत चर्च बांधली, तोच हा कॅथोलिक देश. नव्वदच्या दशकात तिथे शंभरात एक माणूस हेरॉईनच्या आहारी गेल्याचा अंदाज होता. १ जुलै २००१ पासून तिथे स्वतःपुरती, दहा दिवसांची मात्रा बाळगणाऱ्याला तुरुंगात टाकत नाहीत. त्याला एका समितीसमोर नेतात आणि उपचाराकडे वळवतात. विकणाऱ्याला मात्र तुरुंग आहेच. ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची लागण त्यानंतर पुष्कळ घटली. पुढे उपचारांवरचा खर्च कमी झाला तेव्हा पोर्तोसारख्या शहरात पुन्हा तक्रारी वाढल्या. म्हणजे तीही जादूची कांडी नाही. जिथे माणसाजवळ बसायला कोणी असते तिथे फरक पडतो, तो माणूस उठून गेला की व्यसन परत येते.

या ठिकाणी एखादा अभ्यासू वाचक आम्हांला अडवील. फादर, संत थॉमस अक्वायनस तर मृत्युदंड मान्य करतात! खरे आहे. इतकेच नव्हे, त्यांनी याच निदणाच्या दाखल्याचा विचार करून ते लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगल्यांना धोका होत असेल तर दुष्टाला मारू नये, कारण प्रभूने गव्हासाठीच थांबायला सांगितले. पण चांगल्यांना धोका नसून उलट त्यांचे रक्षण होत असेल, तर राज्यकर्त्याला मृत्युदंड देता येतो. त्यांच्या काळात भक्कम तुरुंग नव्हते, समाजाचे रक्षण दुसऱ्या मार्गाने करणे कठीण होते. आज गुन्हेगाराला जन्मभर बंद ठेवता येते. म्हणून पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये शिकवले की मृत्युदंडाची खरी गरज पडावी असे प्रसंग आता जवळजवळ उरलेले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलून, मृत्युदंड माणसाच्या प्रतिष्ठेवर आघात करतो म्हणून तो स्वीकारता येत नाही, असे स्पष्ट केले. संत थॉमस यांची कसोटी चांगल्यांच्या रक्षणाची होती. कियानची हत्या पाहिल्यावर त्या कसोटीला घाईची शिक्षा उतरते, असे कोण म्हणू शकेल?

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो : एकाला लटकवा, शंभर घाबरतील. त्यावर तत्त्वज्ञ कांट यांची एक शिकवण उपयोगी पडते. ते स्वतः मृत्युदंडाच्या बाजूचे होते, पण माणसाला केवळ दुसऱ्या कशाचे साधन म्हणून वापरू नये, असे त्यांनी शिकवले. आपण ही शिकवण पुढे नेऊ. शंभरांना घाबरवण्यासाठी एकाला मारायचे, तर तो एक माणूस राहत नाही. त्याचे शेतातले बुजगावणे होते.

याच रविवारचे पहिले वाचन ज्ञानग्रंथातून घेतले आहे (ज्ञान १२:१३, १६-१९). देवाकडे अमर्याद सामर्थ्य आहे आणि त्या सामर्थ्यामुळेच तो सौम्यपणे न्याय करतो, नीतिमान माणसाने दयाळू असावे हे तो आपल्या वागण्यातून शिकवतो, असा त्याचा आशय आहे. आपण उलटे समजतो. दया दाखवली तर दुबळे ठरू, असे आपल्याला वाटते. पण ज्याला भीती वाटते तो लवकर मारतो. ज्याचे सामर्थ्य खरे आहे त्याला थांबता येते. आपला प्रभूही जमावाच्या मागणीवरून, दोन गुन्हेगारांच्या मधोमध क्रुसावर चढला, आणि त्यातल्या एकाला त्याने त्याच दिवशी स्वर्गाचे वचन दिले, हे ख्रिस्ती माणसाने कधी विसरू नये.

फिलिपिन्सच्या ख्रिस्तसभेने हे धैर्य उशिरा का होईना, दाखवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिशपांचे पत्र तिथल्या चर्चमधून वाचले गेले. हत्यांची काळजी वाटतेच, पण त्याहून मोठी काळजी अनेकांच्या बेफिकिरीची वाटते, असे त्यात म्हटले होते. कियानच्या मृत्यूनंतर काही धर्मप्रांतांत रोज रात्री आठ वाजता मृतांसाठी घंटा वाजवल्या गेल्या. कालोकानच्या धर्मप्रांताचे बिशप पाब्लो व्हर्जिलिओ डेव्हिड यांनी व्यसनी लोकांना गावातच सावरण्याची व्यवस्था उभी केली. त्यांच्यावर राजद्रोहाची तक्रारही झाली, ती पुढे निकालात निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये ते कार्डिनल झाले. फादर फ्लावी व्हिलानुएव्हा हे तर तरुणपणी स्वतः ड्रग्जच्या आहारी गेलेले. ते मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि लेकरांना आधार देतात, भाडे संपल्यामुळे कबरीतून बाहेर काढले जाणारे गरिबांचे अवशेष सन्मानाने जपतात. २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. कोणी घाईने त्यांना तरुणपणीच निदण म्हणून उपटले असते तर?

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. फाशीचा कायदा आपल्या हातात नाही, पण आपले ओठ आणि आपली दारे आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, परदेशी जाताना कोणाचेही बांधलेले पार्सल, बॅग किंवा भेटवस्तू आत काय आहे ते न पाहता नेऊ नका. देणारा नात्यातला असला तरी नको. मेरी जेनची बॅग आठवा. आखातात जाणाऱ्या मुलामुलींना आईवडिलांनी हे निघण्याआधी बजावून सांगावे.

दुसरी गोष्ट, विकणारा दिसला तर गप्प बसू नका. पोलिसांत जा, एकट्याने भीती वाटत असेल तर आमच्याबरोबर चला. शिक्षा व्हावी, कायद्याने व्हावी. पण जमावाने हात उचलायचा नाही.

तिसरी गोष्ट, ज्या घरातला मुलगा व्यसनात अडकला आहे त्या घराशी बोलणे सोडू नका. अशा घरातली आई बहुधा मागच्या बाकावर येऊन बसते आणि मिस्सा संपण्याआधीच निघून जाते. तिच्या शेजारी जाऊन बसा. विचारपूस करा, सल्ले देऊ नका. आणि त्या आईबापांना आमचे सांगणे आहे : लपवू नका. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनमधून अनेक जण सावरून घरी परतले आहेत. वाट आहे. आमचे दारही उघडे आहे. प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले कोणापुढे जात नाही, हे तर आपणा सर्वांना ठाऊक आहेच. विकणाऱ्यालाही ते दार बंद नाही.

दाखल्यातला मालक कापणी होणारच नाही, असे म्हणत नाही. न्याय होणार आहे, निदण आणि गहू वेगळे होणार आहेत. फक्त ते काम त्याने आपल्या हाती दिलेले नाही, आणि त्याला एक कारण आहे. शेतातले निदण कधी गहू होत नाही. पण देवाच्या शेतात ते घडते. ज्याने ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात टाकले तो शौल पुढे प्रेषित पौल झाला. देव थांबला म्हणून झाला.

या आठवड्यात घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थनेत एक आमच्या पित्या आणि एक नमो मरिया व्यसनात अडकलेल्यांसाठी, आणि जमले तर एक विकणाऱ्यांसाठीही म्हणा. दुसरी प्रार्थना म्हणताना जीभ अडखळेल. तरीही म्हणा.

प्रभू येशू ख्रिस्त आपणा सर्वांना त्याच्यासारखे थांबण्याचे सामर्थ्य देवो. आमेन.

आपले,
धर्मगुरू